तीन कोयते

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्तीनंतर तरी शांत बसावं म्हटलं, तर परवा सुनेनं एक कादंबरी वाचायला आणून दिली. त्यात एक तपास अधिकारी आहे आणि त्याच्या कानात बोलणारं एक कृत्रिम बुद्धीचं यंत्र आहे. यंत्र सांगतं, अधिकारी पळतो आणि आरोपी सापडतो. यंत्र एकदाही चुकत नाही. निम्मी वाचली आणि मिटून ठेवली. असं यंत्र मी आमच्या पोलीस ठाण्यात पाहिलंय, म्हणून सांगते.

दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. आमच्याकडे त्या दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, गावंच्या गावं रिकामी होतात. सकाळी हजेरी चालू असताना धारूरच्या घाटातून एका शेळ्या चारणाऱ्या म्हाताऱ्याचा फोन आला. "बाई, रस्त्याच्या खाली जीप हाय. आत मानूस हाय, कन्हायलाय. लवकर या."

आम्ही गेलो. जखमी माणूस टोळ्या नेणारा मुकादम होता. डोक्यात बोथट वस्तूचा मार, शुद्ध हरपलेली. त्याला दवाखान्यात धाडलं, पंचनामा केला, मोबाईल जप्त केला. मोबाईलमध्ये त्याचे सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होत होते.

मी तेव्हा उपनिरीक्षक होते. शिपाई म्हणून भरती होऊन, रात्री पुस्तकं वाचून परीक्षा देत तिथवर आले होते. दुसऱ्या दिवशी मला एका जुन्या खटल्यात साक्षीला जावं लागलं आणि नेमका तेवढ्यात घोळ झाला. आमचे साहेब कोकणातले, नुकतेच बदलून आलेले. माणूस वाईट नव्हता. पण वरून नवीन यंत्र आलं होतं, रेकॉर्डिंग ऐकून मजकूर लिहून देणारं, आणि त्याचा पहिला निकाल आपल्या ठाण्यातून जावा याची त्यांना फार घाई झाली होती.

मुकादमाच्या मोबाईलमधला शेवटचा कॉल ऐकून यंत्रानं कागद काढून दिला: 'संशयिताकडे तीन कोयते. शनिवारी दारात येण्याची व फोडण्याची भाषा. काही भाग अस्पष्ट. धोका: अति.'

झालं. मुकादमाला तो कॉल करणारा पलीकडच्या गावचा तरुण गडी. त्याला उचलून आणला. घरातून एक कोयता जप्त केला. अहो, बीड जिल्ह्यात कोयता नसलेलं घर मला दाखवा! आणि वार तर कोयत्याचा नव्हताच. पण 'फोडण्याची भाषा' होती आणि डोकं फुटलेलं होतं, तेवढं जुळलं की बास.

चौकशी कशी झाली, ते मला हवालदारांनी नंतर सांगितलं. साहेबांनी विचारलं, "बाकीचे कोयते कुठं आहेत?"

गडी म्हणाला, "गावात हायत की, सायेब."

"लपवलेस?"

"लपवू कावून? आपापल्या घरी हायत. जेवत असतील ह्या टायमाला."

साहेब भडकले. थट्टा करतो म्हणून दरडावलं. आणि जबाबात काय लिहिलं? 'शस्त्रे गावात असल्याची कबुली.' त्यावर पोलीस कोठडी मिळाली.

मी परतले तेव्हा त्याची बायको ठाण्याच्या आवारात लिंबाखाली बसून होती. शेजारी पेटी आणि बांधलेली भांडी. मी विचारलं, "कावून बसलीस गं अशी सामान घेऊन?"

"गाड्या भरायल्यात, बाई. मुकादमाचा भाऊ म्हनला, नवरा आत हाय, आता तू अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला मी न्हेत न्हाई. उद्याच्याला गाड्या जातील. मग आमी वरीसभर काय करावं?"

कागद माझ्या हातातच होता. अर्धा कोयता! आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. एक कोयता म्हणजे दोन माणसं. हे इथलं शेंबडं पोरगंही सांगेल.

मी आत गेले. "हवालदार, ते रेकॉर्डिंग कुणी ऐकलंय?"

"मशीननं ऐकलंय की, मॅडम."

"आणि माणसानं?"

"मानसानं कशाला? एवढ्यासाठीच तर आनलंय ते."

मी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं लावलं. गडी मुकादमाला सांगत होता, "दोन कोयते पक्के हायत, त्यातला एक आमीच. तिसरा लई नाटकं करायलाय. केजवाल्या मुकादमानं फोडलाय त्याला. पर तुमी घोर करू नका, तिन्ही कोयते शनवारी तुमच्या दारात हुबे करतो."

आधी एक शिपाई फिस्सकन हसला, मग सगळेच हसले. मी नाही हसले. "साहेब," मी म्हटलं, "लोखंडाचा कोयता नाटकं करतो का हो?"

हवालदार हळूच म्हणाले, "जबाब लिहितानाच मला समजलं हुतं, मॅडम. पर मशीनचा कागद आन् वर सायेब. मधी कोन बोलनार?"

राग मला यंत्राचा आला, पण त्याहून जास्त या वाक्याचा आला.

आणि गंमत बघा, फोडलाय म्हणजे आपल्या बाजूला ओढलाय. केजवाला, हा दुसरा मुकादम, तपासाचा खरा धागा होता आणि यंत्रानं त्यालाच अस्पष्ट म्हणून टाकलं होतं! मी त्याच दिवशी गड्याकडून पत्ता घेऊन तिसऱ्या कोयत्याच्या घरी गेले. नवरा आधी न्हाई न्हाईच म्हणत होता. दम दिला नाही, ओसरीवर बसून चहा मागितला. चहा होईस्तोवर तो बोलता झाला. "केजवाला आलता, बाई. म्हनला, तुज्या मुकादमाला घाटात गाठतो, मंग तू कुनाकडं जातो ते बघू. मी लई भ्यालो."

केजवाल्याच्या गाडीत चाक खोलायची टॉमी मिळाली, तिला रक्त होतं. दोन तास उडवाउडवी करून त्यानं कबूल केलं. मुकादमाला शुद्ध आल्यावर त्यानंही तेच नाव घेतलं.

गडी सुटला, पण कोर्टाचे कागद होईस्तोवर गाड्या निघून गेल्या होत्या. दुसऱ्या टोळीनं घेतलं नाही; ठाण्यात जाऊन आलेला म्हणे. नवरा-बायको पेटी डोक्यावर घेऊन चालत गावाकडे गेली, ते मी फाटकातून पाहिलं.

यंत्रवाल्या कंपनीचा माणूस आला होता. मला म्हणाला, "मॅडम, भाषा जरा ग्रामीण होती. शुद्ध बोलले असते तर अडचण आली नसती." म्हणजे चूक त्या गड्याचीच! आपल्या मुकादमाशी बोलताना त्यानं आधी यंत्राला कळेल असं बोलायचं?

या प्रकरणानं मला एवढंच शिकवलं: ऐकायचं काम दुसऱ्यावर टाकू नये. जबाब घेताना समोरच्याचा शब्द कळला नाही तर त्यालाच विचारावं, त्यात कमीपणा नाही. यंत्र वापरा, माझी ना नाही. पण कादंबरीवाल्यांनो, माणूस आणि यंत्राची जोडी म्हणून कौतुक सांगू नका. जोडी कशी असते ते उसाच्या फडात येऊन बघा. एक तोडतो, दुसरा मोळी बांधतो, आणि एकाला आत टाकलं तर दोघांचा हंगाम बुडतो. त्या यंत्राचं काय बुडालं? दुसऱ्या दिवशी ते पुढच्या गुन्ह्याचा कागद काढत होतं.