एका मताचे मालक

दिलेल्या शब्दावर इतका भरवसा ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि पाहायची इच्छाही नाही; असल्या माणसांपायी त्रास आपल्यालाच होतो. कॉलेजात हा माझ्याच बाकावर बसायचा. सगळे त्याला 'उमेदवार' म्हणायचे. त्याच्या मराठीत 'बघू' म्हणजे होकार, 'विचार करतो' म्हणजे पक्का होकार, आणि कुणी नुसतं हसलं तर तो आपला कार्यकर्ताच. एकदा पंचवटीच्या भाजीबाजारात एका भाजीवालीला त्याने उभ्याउभ्या कॉलेजच्या लायब्ररीचा प्रश्न समजावून सांगितला. बाईला ना लायब्ररी ठाऊक, ना कॉलेजात तिचं मत. कंटाळून तिने कोथिंबिरीची जुडी हातात दिली आणि वाटेला लावलं, तर हा मला म्हणतो कसा, "वातावरण चांगलंय."

लायब्ररीचं वेड मात्र उगाच नव्हतं. ती पाचला बंद व्हायची. त्याचं घर रेल्वेलाइनपलीकडच्या बौद्ध वस्तीत. एक खोली, तीत सगळं कुटुंब, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा रेडिओ. पाचनंतर पुस्तक उघडायचं कुठे? एकदा नापास झाला होता, आणि यंदा पास झाला नाहीस तर शिक्षण बंद, असं वडिलांनी बजावलं होतं. निवडून यायचं आणि लायब्ररी रात्री नऊपर्यंत उघडी ठेवून घ्यायची, एवढाच त्याचा जाहीरनामा.

ही आणीबाणीच्या आधीची गोष्ट. तेव्हा प्रत्येक वर्ग आपला प्रतिनिधी निवडायचा, आणि ते पंधरा-सोळा प्रतिनिधी मिळून विद्यापीठ प्रतिनिधी निवडायचे. एवढीच मतं म्हटल्यावर ती पळवून नेऊन खाऊ-पिऊ घालायची रीतच होती. उमेदवाराच्या विरोधात पिंपळगावच्या एका द्राक्षबागायतदाराचा मुलगा उभा होता. त्याच्या माणसांनी मतदानाच्या तोंडावर सगळे वर्गप्रतिनिधी त्याच्या मळ्यावर न्यायला टेम्पोत भरले. आमचा उमेदवारही आपल्या वर्गाचा प्रतिनिधी. "प्रतिनिधी सगळे बसा" म्हटल्यावर हाही शहाणा चढून बसला! ओझर मागे पडल्यावर चूक त्यांच्या लक्षात आली, पण आता उतरवला तर बोभाटा करील, म्हणून ठेवून घेतला.

याला तर आकाश ठेंगणं झालं. सगळे मतदार एका मळ्यात, आणि पळून जायची सोय नाही! त्यातून स्वयंपाकी आला नाही, तेव्हा हाच चुलीपुढे बसला. मटणाचा रस्सा केला, भाकऱ्या थापल्या. ज्यांच्या गावात याच्या आजाला विहिरीवर चढू देत नव्हते, त्यांची पोरं पुन्हा पुन्हा रस्सा मागून घेत होती. परत आल्यावर हे त्याने मला तीन-तीनदा सांगितलं. माझ्या हातचं खाल्लं, म्हणजे आता मत कुठे जातंय, म्हणाला. प्रत्येकाने तसा शब्दही दिला होता.

मतपेटी उघडली, तर त्याला एक मत. खाल्ल्या अन्नाला न जागणारी माणसं! बोटं चाटत खाल्लं आणि मत टाकताना ज्याला त्याला आपली जात आठवली. मला अजूनही त्यांचा संताप येतो.

पुढे तर कहरच झाला. एकेक जण त्याला कॅन्टीनमागे गाठून हळूच सांगायला लागला, ते एक मत माझं, कुणाला बोलू नकोस. हा प्रत्येकाचा हात हातात घेऊन "मला वाटलंच होतं" म्हणायचा. शेवटी मी भडकलो. विचारलं, तू स्वतःला मत दिलंस की नाही?

"दिलं ना. ते एक माझंच."

"मग सांग की त्यांच्या तोंडावर!"

"कशाला? खोटं बोलावंसं वाटतंय त्यांना, एवढं तरी आहे."

लायब्ररी पाचलाच बंद होत राहिली. तो नापास झाला आणि जकात नाक्यावर कारकून म्हणून चिकटला. पुढे बऱ्याच वर्षांनी येवल्याला एका लग्नात आम्ही शेजारी जेवायला बसलो होतो. तेव्हाचा एक वर्गप्रतिनिधी, आता वकील, पंगतीत वाढत होता. उमेदवाराच्या पानात जिलेबी घालून वाकून म्हणाला, "ते एक मत माझं होतं बरं का."

"माहितीये रे," उमेदवार म्हणाला, "तूही जेवून घे आता."

परतीच्या एस.टी.त मी त्या वकिलाला शिव्या घालत होतो. हा खिडकीला डोकं टेकून ऐकत होता. निफाड गेल्यावर हलकेच म्हणाला, "पण त्या दिवशी जेवले होते रे सगळे."