हिराबाईचं फडकं

"सिस्टर, याला परत मुंबईला पाठवू या. कवटी पुन्हा उघडावी लागेल असं दिसतंय," डॉक्टर म्हणाले आणि चिठ्ठी लिहायला बसले.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. पनवेलच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी नर्स होते. धर्मा हा मिठागरावर काम करणारा तिशीचा गडी. मिठाच्या गोणी अंगावर कोसळून त्याच्या डोक्याला मार लागला होता. मुंबईच्या सर्जननी मेंदूवर साकळलेलं रक्त काढलं आणि दहा दिवसांनी त्याला आमच्याकडे पाठवलं. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवसापासून मात्र तो रोज संध्याकाळी डोकं धरून कण्हायला लागला.

एवढं दुखतंय तर मॉर्फिन का देत नाही, असं कुणीही विचारेल. पण मेंदूच्या ऑपरेशननंतर आम्ही ते टाळायचो. मॉर्फिनने पेशंट गुंगतो, श्वास मंदावतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात. मग कवटीत प्रेशर वाढलं तर कळायचं कसं? तेव्हा स्कॅन नव्हता. टॉर्च मारून बाहुल्या बघायच्या, नाडी मोजायची, एवढंच आमच्या हातात. म्हणून उशी उंच आणि दर सहा तासांनी कोडीनची सौम्य गोळी. तिचा काही उपयोग होत नव्हता.

"सर, मला उद्यापर्यंत वेळ द्या," मी म्हटलं.

"कशासाठी?"

"चार्ट बघा ना. बाहुल्या सारख्या, नाडी ठीक, उलटी नाही. दुखणं रोज चारनंतरच. प्रेशर काय घड्याळ बघून वाढतं?"

डॉक्टरांना माझी जीभ आवडायची नाही. तरी त्यांनी पेन ठेवलं. "उद्या संध्याकाळपर्यंत. जबाबदारी तुमची."

माझं चुकलं असतं तर धर्मा जिवाला मुकला असता. दर तासाला मी टॉर्च घेऊन त्याच्या उशाशी जात होते.

चार ही भेटीची वेळ. नातेवाईक आले की आम्ही नर्सेस चहाला पळायचो. दुसऱ्या दिवशी मी चहा सोडला आणि पडद्याआड उभी राहिले. धर्माची आई हिराबाई आली. तिने कमरेला खोचलेलं जुन्या लुगड्याचं फडकं काढलं, त्याची पट्टी केली आणि लेकाच्या डोक्याभोवती, बरोबर टाक्यांवरून, गुडघा खाटेला टेकवून करकचून आवळली. धर्माने डोळे मिटून घेतले.

"अहो, काय करताय हे!" मी धावले.

"काय जाला बाय? डोका दुकतंय तं बांदाला नको? आमचे गावान समदी बांदतात."

मी गाठ सोडली. गावचं औषध हॉस्पिटलात चालणार नाही, हे हिराबाईला पक्कं ठाऊक होतं. म्हणून घरी जाताना ती रोज फडकं सोडून न्यायची. पहिले दोन दिवस ती आलीच नव्हती, हेही आता लक्षात आलं.

"आणि तू रे? तोंड शिवलं होतं का तुझं?" मी धर्मावर खेकसले.

"आयेला बरा वाटतंय, सिस्टर," तो हळूच म्हणाला. "बांदून जाला का रडाची थांबते."

माझा राग कुठल्या कुठे गेला. हसू आलं आणि डोळेही भरले.

हिराबाईला नुसतं बसवणं शक्य नव्हतं. मी तिला खोबरेल तेलाची वाटी दिली. "डोकं आमचं, पाय तुमचे. रोज तासभर तळवे चोळायचे." ती लगेच कामाला लागली. संध्याकाळ झाली, दिवे लागले, धर्मा कण्हला नाही. उलट त्याने ताट पुसून खाल्लं आणि वर भात मागितला. डॉक्टरांनी बाहुल्या बघितल्या, चार्ट बघितला, चिठ्ठी फाडली आणि म्हणाले, "सिस्टर, चहा प्या आता." त्यांच्याकडून एवढी शाबासकी म्हणजे डोक्यावरून पाणी!

पंधरा दिवसांनी धर्मा चालत घरी गेला. हिराबाईने टोपलीभर सुका जवळा आणून दिला. वॉर्डात दोन दिवस त्याचा वास होता, पण कुणी तक्रार केली नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक पेशंटला दोन प्रश्न विचारत आले: कुठे दुखतं, आणि भेटायला कोण येतं?

ते फडकं मी जप्त केलं होतं, ते अजून माझ्याकडे आहे. डोकं दुखलं की बांधते. छान उतार पडतो. मला टाके नाहीत.