बमरोलीची पाणबुडी

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या, म्हणजे मधे मधे मला थांबावं लागणार नाही. मी जो घोळ घातला तो आठवला की मला अजून घाम फुटतो, आणि आमची मंगल, म्हणजे माझी बायको, नुसतं ‘बमरोली’ म्हटलं तरी पदर तोंडाशी नेते.

आधी माझं खूळ सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी मूळचा पारोळ्याकडचा. आता सुरतेत डिंडोलीला राहतो आणि एका एम्ब्रॉयडरीच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, पंचिंग करतो. पंचिंग म्हणजे काय, तर साडीवरची नक्षी कॉम्प्युटरवर टाक्याटाक्यानं मांडायची आणि मशीनला समजावून सांगायची. मोर, कैरी, वेल. मग पुन्हा मोर. आयुष्य मोरात चाललं होतं!

एक दिवस खात्यात एक निवृत्त नौसैनिक आले. हातात भरतकामाचा एक गोल पॅच. “असे आणखी करून द्याल का? आम्ही जुने सोबती जमणार आहोत.”

पॅचवर पितळी टोप घातलेला पाणबुड्या, त्याच्या गळ्यात हात टाकून बसलेला ऑक्टोपस आणि भोवती पिळाच्या दोराची किनार. त्यांचं जहाज म्हणे बुडालेली, रुतलेली जहाजं ओढून काढायचं. आणि पाणबुडी तळाशी अडकली तर आतली माणसं वर आणायला आणखी वेगळी जहाजं असतात. मला कुठे ठाऊक! लढायला जाणारी जहाजं सगळ्यांना माहीत असतात हो, काढायला जाणारी कोणाला माहीत असतात? मी तो पॅच उलटा केला, मागचे टाके बघितले, आणि संपलं. त्या दिवसापासून मी असे पॅच जमवतो. जुन्या कपड्यांच्या बाजारातून, निवृत्त माणसांकडून, परदेशातल्या माझ्यासारख्याच खुळ्यांकडून. त्यांना मी जरीचे मोर पाठवतो, ते मला ऑक्टोपस पाठवतात.

मंगल म्हणते, “लोक बुडाले की जहाज येतं काढायला. तुम्ही चिंध्यांत बुडालात, तुम्हाला कोण काढणार?”

आणि गंमत अशी, की मला स्वतःला पाण्याची भयंकर भीती. डुमसच्या किनाऱ्यावर गेलो तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडतो आणि घोटाभर पाण्यातून परत येतो.

तर मी काय केलं, आमच्या खान्देशी मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. ‘सबमरीन बचाव जहाजांचे जुने पॅच कोणाकडे असतील तर कळवा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.’ खाली नाव आणि नंबर. आता मेसेज पुढे जाताना काय होतं तुम्हाला माहीतच आहे. एकानं जहाज गाळलं, दुसऱ्यानं पॅच गाळले. शेवटी माझ्या नंबराच्या वर उरलं एवढंच: ‘सबमरीन बचाव. स्वतः येतील.’ हे मला फार नंतर कळलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

गणपतीचे दिवस. सकाळी मी दात घासतोय आणि फोन वाजला.

“सबमरीन रेस्क्यूवाले साहेब का?”

साहेब! अहो, खात्यात मला शेठ ‘ए मोर’ म्हणून हाक मारतात. मी चूळ भरली, आवाज जाड केला. “बोलतोय.”

“साहेब, मी बमरोलीहून रामदास. गणेश मंडळाचा अध्यक्ष. आमची सबमरीन अडकलीय हो!”

आता तुम्हीच सांगा, गणेश मंडळाचा अध्यक्ष सबमरीन म्हणाला तर माणूस काय समजेल? देखावा! मला वाटलं, पोरांनी पाणबुडी बचावाचा हलता देखावा केलाय आणि तो ऐन वेळी अडकलाय. सुरतेत माझ्याशिवाय याला जाणकार कोण?

“कुठवर आली होती?” मी विचारलं.

“वर ओढताना दोर तुटला, साहेब. खाली जाऊन बसली.”

“कशाची आहे?”

“स्टीलची.”

“स्टीलची!” मी थक्क. आमच्या गल्लीत थर्माकोलच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. “आणि पाणी वगैरे?”

“पाणी आहे ना भरपूर! पण वर थेंब येत नाही.”

खरं पाणी! कारंजंसुद्धा करणार होते वाटतं! “बरं, लोक जमतात का?”

“सगळी सोसायटी जमलीय, साहेब. बाया हंडे-कळशा घेऊन उभ्या आहेत. तुमचीच वाट बघताहेत.”

कळशा घेऊन स्वागत! “निघालोच,” म्हटलं.

माझ्याकडे एक काळं जाकीट आहे. त्याच्या छातीवर, बाह्यांवर, पाठीवर निवडक पॅच शिवलेत. भाद्रपदातलं सुरतेचं ऊन, आणि मी ते जाकीट गळ्यापर्यंत बंद करून स्कूटरवर बसलो. मागे मंगल.

“नक्की कशाला बोलावलंय?” तिनं विचारलं.

“मार्गदर्शनाला.”

“तुम्हाला?” एवढंच म्हणाली. पण त्या एका शब्दात किती पुढचं दिसलं होतं तिला!

बमरोलीत पोचलो तर काय थाट! रामदासभाऊ, पन्नाशीचे, कपाळावर मोठा टिळा, धावतच आले. गळ्यात हार घातला. एका म्हाताऱ्या मावशींनी कुंकू लावलं, त्यांचं नाव कोकिळाबाई. पोरं जाकिटाकडे बोटं दाखवत होती. “बघ बघ, ऑक्टोपस! नेव्हीचेच आहेत!” मीही छाती पुढे काढली. नाही म्हणायचं राहून गेलं.

“चला, दाखवतो,” म्हणत रामदासभाऊ मला मंडपाच्या मागे घेऊन गेले. तिथे देखावा नव्हता. सिमेंटचा ओटा होता आणि ओट्यात एक वीतभर तोंडाचा लोखंडी पाइप. सभोवार हंड्या-कळशांची ही रांग. सगळ्या रिकाम्या.

“ही इथे,” रामदासभाऊ म्हणाले.

“काय?”

“सबमरीन.”

मी पाइपात डोकावलो. अंधार. “यात?”

“हो ना! पाण्याची मोटर. बोअरमधली सबमरीन मोटर.”

सबमर्सिबल! अहो, सबमर्सिबल पंप! आमच्या पारोळ्याकडेसुद्धा निम्मे लोक त्याला सबमरीनच म्हणतात, आणि मला मेल्याला फोनवर ते सुचू नये? मागे मंगलच्या घशातून कुकरची शिट्टी सुटावी तसा आवाज आला. वळून बघितलं तर पदरात तोंड, आणि खांदे गदागदा हलताहेत.

“साहेब, उद्या भंडारा आहे,” रामदासभाऊ काकुळतीला आले. “सगळ्या बमरोलीला आमंत्रण गेलंय. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. पाण्याशिवाय पीठ कसं मळायचं? टँकरवाला फोन उचलत नाही. सचिन गावाहून एक मोटर काढणारा येतो म्हणालाय, पण कधी येईल भरवसा नाही. आता तुम्हीच!”

आता इथे सरळ हात जोडून ‘माफ करा’ म्हणायचं आणि स्कूटरला किक मारायची. शहाण्या माणसानं हेच केलं असतं. मी तसा प्रयत्नही केला बरं का. म्हटलं, “रामदासभाऊ, माझं काम निराळं आहे. समुद्रातलं. तिथे पाणबुडी अडकली की जहाजावरून आधी मोठी घंटा खाली सोडतात...”

मी सांगत होतो त्या घंटेत माणसं बसून खाली जातात. पण ‘माणसं’पर्यंत मला पोचूच दिलं नाही.

“घंटा!” रामदासभाऊंचे डोळे चमकले. “घंटा मोटरवर आपटली की आवाज येणार! म्हणजे मोटर किती खोल आहे ते कळणार! वा! याला म्हणतात नेव्हीचं डोकं!”

“तसं नाही हो—”

“कोकिळामावशी, घंटा आण!”

कोकिळाबाई मंडपातली पितळी घंटा घेऊन आल्यासुद्धा. लहानशी, देखणी, पाइपात अलगद उतरेल एवढीच. “नवसनी शे, भाऊ,” त्या म्हणाल्या. “जपीसन.”

कोणीतरी नायलॉनचा दोर आणला. आणि एक जण म्हणाला, “साहेब, गाठ तुम्हीच मारा. नेव्हीची गाठ बघू तरी.”

झालं! इथे माझा घात झाला. कारण गाठ मला येत होती! माझ्या अर्ध्याअधिक पॅचवर दोराची किनार असते आणि खाली मधोमध एक ठसठशीत गाठ. ती मी कितीदा पंच केलीय! कुठला पदर वरून, कुठला खालून, डोळे मिटून सांगेन. कापडावर माझी गाठ आजवर एकदाही सुटली नाही. तुम्ही मशीनला विचारा.

मी जाकिटाच्या बाह्या सरसावल्या. हा पदर वरून, तो खालून, हा वळसा. हुबेहूब! पोरांनी फोटो काढले. ‘गणपती बाप्पा मोरया’च्या गजरात घंटा पाइपात उतरू लागली. मी ऐटीत दोर सोडतोय. गंभीर चेहरा. आणि एकाएकी हाताला दोर हलका लागला.

टण्. टण्. टणटण. आणि बऱ्याच वेळानं, पार खालून, डुबुक.

दोर वर ओढला. टोक मोकळं. गाठीचा मागमूस नाही.

मग कोकिळाबाई कपाळावर हात मारत म्हणाल्या, “गई ना मनी घंटी बोअरमा!”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते बघितलं आणि माझी सगळी ऐट उतरली. मी गळ्यातला हार काढला. “मावशी, रामदासभाऊ, मी नेव्हीचा नाही. मी एम्ब्रॉयडरीवाला आहे. साड्यांवर मोर काढतो.”

“मग हे अंगावर काय लावलंय?” रामदासभाऊ.

“हे मी जमवतो.”

“कशाला?”

आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? घरी बायकोला इतक्या वर्षांत पटलेलं नाही, ते बोअरपाशी हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायांना कसं पटवू? मी म्हटलं, “आवडतात.” एक बाई दुसरीला म्हणाली, “चांगलं आहे. घर गेलं चुलीत, छंद मिरवतोय वेशीत.”

तेवढ्यात फटफट करत एक टेम्पो आला. सचिनवाला! जीवणभाई. भरदार माणूस, तोंडात मावा, आवाज असा की मंडपाला भोंगा लावायची गरज नाही. त्यानं तिवई उभी केली, कप्पी लावली, पाइपात आकडा सोडला, थोडं हलवून बघितलं आणि कान लावला. मग आमच्याकडे वळला.

“अंदर क्या बजता है?”

त्यानं आकडा पुन्हा हलवला. टण्!

“आ घंट कोणे नाख्यो?”

सोसायटीतलं एकूण एक बोट माझ्याकडे वळलं. मंगलचंसुद्धा!

जीवणभाईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पाणबुड्या, ऑक्टोपस, नांगर. मग दोर माझ्या हातात देत म्हणाला, “चलो कॅप्टन, सबसे पीछे पकडो. गाठ मत मारना.”

मग मी पकडला ना! भर उन्हात, जाकीट घालून. पुढे रामदासभाऊ, सोसायटीची पोरं, आणि शेपटाला मी. आकडा दोनदा निसटला. तिसऱ्यांदा जीवणभाई ओरडला, “खेंचो!” आणि खरं सांगतो, त्या क्षणी दोरातून खालचं वजन हाताला जाणवलं तेव्हा अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी जे फक्त टाक्यांत बघत होतो, ते हे असतं तर! खाली काहीतरी अडकलंय, वर माणसं ओढताहेत, आणि सगळ्यांचा श्वास एकच. माझे तळवे सोलले, पाय चिखलात घसरले, छातीवरचा ऑक्टोपस गाळानं माखला. पण मी दोर सोडला नाही.

आधी घंटा आली. कोकिळाबाईंनी ती पदरानं पुसली, वाजवून बघितली आणि तिच्यासकट मंडपाकडे अशा पळाल्या, जसं काही मी पुन्हा हात लावायला येतोय. मग बऱ्याच खटपटीनंतर मोटर वर आली. जीवणभाईनं नवा दोर, नवी केबल जोडून ती परत सोडली, बटण दाबलं, पाइप खोकला, गढूळ पाणी ओकला आणि मग स्वच्छ धार! हंड्यांची रांग मोडली आणि सगळ्यांनी एकमेकांना भिजवून काढलं. आम्ही चिखलानं लडबडलेले घरी परतलो, आणि डिंडोली येईपर्यंत मंगल माझ्या पाठीवर डोकं टेकवून हसत होती.

दुसऱ्या दिवशी रामदासभाऊंचा फोन. भंडाऱ्याला यायलाच पाहिजे. मी नको नको म्हणत होतो, पण मंगल साडी नेसून तयार! वरण-बट्टी ओरपत मी आपला कोपऱ्यात लपून बसलो, तर माइकवरून आवाज आला.

“ज्यांनी आपली मोटर वर काढली ते जीवणभाई, आणि ज्यांनी आपली घंटा खाली सोडली ते डिंडोलीचे साहेब, या दोघांचा मंडळातर्फे सत्कार आहे. दोघांनीही स्टेजवर यावं!”

टाळ्या, शिट्ट्या. गेलो. काय करणार? रामदासभाऊंनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि फोटोसाठी जवळ ओढून प्रेमानं कानात म्हणाले,

“साहेब, पुढच्या वर्षी नक्की या. अगदी बाप्पासारखे या. मखरात बसा, मोदक खा. फक्त कशाला हात लावू नका.”