इरम्माची बोटाएवढी फौज

नळदुर्गात कुणालाही विचारा, इरम्मा काय करते, तर उत्तर येतं, "बाहुल्या रंगवते." मला या उत्तराचा राग येतो. ती सैन्य रंगवते. बोटाच्या दीड पेराएवढे शिशाचे शिपाई. पगडी, मिशी, ढाल, तलवार, सगळं त्यातच. सोलापूरचा कुलदीप नावाचा इंजिनियर आणि त्याचे मित्र रविवारी मोठ्या टेबलावर जुन्या लढाया खेळतात. फासे टाकायचे, पट्टीनं अंतर मोजायचं आणि फौजा पुढं सरकवायच्या. चाळिशीतली शिकलेली माणसं! असो.

इरम्मा माझ्या शेजारची. पूर्वी ती पोळ्याला मातीचे बैल रंगवायची. पुढं बाहेरून तयार रंगवलेले बैल यायला लागले आणि तिचे हात रिकामे झाले. त्या दिवसांत तिच्याशी कुणी बोलायला धजत नसे, इतकी चिडकी झाली होती. किल्ला बघायला आलेला कुलदीप बाजारात तिच्या उरल्यासुरल्या बैलांचे डोळे बघून थबकला, आणि पुढच्या खेपेला शिपायांचा डबा घेऊन आला. तेव्हापासून बाई माणसात आहे.

नवरा शांतलिंग हायवेवर ढाबा चालवतो. तिथली सोड्याची बुचं ती गोळा करते. एकेका बुचावर एकेक शिपाई चिकटवायचा, म्हणजे बूच धरून फिरवता येतो, ओल्या रंगाला बोट लागत नाही. आधी सगळीकडून काळ्या रंगाचा एक हात, मग अंगरखा, मग अगदी पातळ काळं पाणी. ते कपड्याच्या चुण्यांत उतरतं आणि सावली आपोआप बसते. डोळे सर्वांत शेवटी. त्या वेळी कुणी बोललं तर खेकसते. माझ्यावरसुद्धा.

या उन्हाळ्यात कुलदीप नवी तुकडी देऊन गेला. जाताना म्हणाला, "मावशी, ही मनासारखी झाली तर पुढं हत्ती देतो. अंबारीसकट."

झालं! त्या दिवसापासून दुसरा विषय नाही. "अक्का, हत्तीचा कान आतनं गुलाबी असतोय न्हाय?" भाजी निवडताना हत्ती, पाणी भरताना हत्ती. मी वैतागून गेले.

त्या तुकडीत काही शिपाई आडवे होते. इरम्मानं बघितलं आणि म्हणाली, "दमून निजलेत बिचारे." आमच्या गल्लीत उन्हाळ्यात सगळे गच्चीवर निजतात, तिला वेगळं काय सुचणार? तिनं त्यांच्या पापण्या मिटवल्या, आणि प्रत्येकाच्या अंगाखालच्या शिशाच्या चकतीवर एकेक वाकळ रंगवली, ठिगळाठिगळाची. मी भिंग घेऊन बघितलं आणि चक्क कौतुक केलं.

कुलदीप आला. उभे शिपाई बघून खूश झाला. मग दुसरा डबा उघडला.

"मावशी, हे काय?"

"निजलेत की."

"निजलेत? अहो, मेलेत ते! खेळात शिपाई पडला की त्याच्या जागी यातला एक ठेवायचा."

"मेलेला माणूस असा हात उशाला घेऊन पडतोय व्हय?"

"साचाच तसा आहे. वाकळ पुसा आणि जरा रक्त लावा. रविवारी खेळ आहे."

शांतलिंगला दारातच हसू फुटलं. "लढाईला अंथरूण घेऊन गेलेत आमच्या हिचे शिपाई!"

"तुमी गप बसा," इरम्मा म्हणाली.

मी म्हटलं, "लाव गं लाल रंग. शिसंच तर आहे. हत्ती हवाय ना तुला?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी चष्मा पुसायला घेतला. मग तिनं लाल रंगात कुंचला बुडवला, एका शिपायाच्या छातीवर टेकवला, थोडा वेळ बघत राहिली, आणि कुंचला कुलदीपच्या पुढ्यात ठेवला.

"हा मेला. बाकीचे तुमचे तुमी मारा."

"मावशी, अहो, हत्ती…"

"र्‍हाऊ द्या हत्ती." ती म्हणाली. "मीच निजवलं, आता मीच मारू व्हय?"

कुलदीपनं कुंचला उचलला. एक शिपाई डोळ्यांजवळ नेला आणि तसाच थांबला. "हे ठिगळ लुगड्याच्या काठाचं आहे का?"

"व्हय. इरकलीचं."

त्यानं शिपाई हलकेच डब्यात ठेवला. शेवटी कुंचला पाण्यात टाकला. "आमची मंडळी मला हसतील."

"हसू द्या की. खेळायलाच बसताय न्हवं?"

त्याला हसू आलं. "बरं. निजू द्या त्यांना."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत इरम्मानं ओलं फडकं घेतलं आणि त्या एकट्या मेलेल्याची छाती खसाखसा पुसली. "वाळला नव्हता अजून," म्हणाली, आणि त्याला बाकीच्यांत नेऊन ठेवलं.

कुलदीप गाडीतून हत्ती घेऊन आला. इरम्मानं तो मांडीवर घेतला, पात्यानं सोंडेवरची साच्याची रेघ खरवडायला लागली, आणि पाहुणा घरात आहे हे साफ विसरली. शांतलिंगनं दोनदा चहाचं विचारलं, हिचं लक्ष नाही. शेवटी चहा मीच टाकला, तर साखर जास्त झाली म्हणून शांतलिंगनं मलाच नावं ठेवली.