आरशाखालचा कंगवा

एकनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्टुडिओत एका बाईंचा पासपोर्ट फोटो काढत होतो. फोन ठेवला, हनुवटी थोडी खाली घ्या म्हणालो आणि बटण दाबलं. बाई गेल्यावर दुकान बंद केलं. पण खरं सांगायचं तर त्याआधी, अगदी क्षणभर, सुटल्यासारखं वाटलं होतं... दीड महिना झाला, ती लाज काही जात नाही.

एकनाथ धानोऱ्याचा, तिथल्या शाळेत शिपाई. कॅमेरा धरायला त्याला मीच शिकवलं आणि दोन वर्षांत तो माझ्या पुढे निघून गेला. मी पहाटे उठून तोरणमाळचा घाट चढायचो, धुकं निवळायची वाट बघत ताटकळायचो. हा कुठे जायचा नाही. नंदुरबारला मिरची वाळत पडली की आम्ही सगळे फोटोवाले त्या लालीवर तुटून पडायचो. एकनाथने तिकडे पाठ केली आणि मजूर बायकांनी भिंतीच्या खिळ्यांना अडकवलेल्या भाकरीच्या पिशव्या टिपल्या. प्रत्येकीची गाठ वेगळी. त्या भिंतीवरून मी वीस वर्षं जात होतो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दर बाजाराच्या दिवशी तो स्टुडिओत यायचा, फोटो पुढे ठेवून अहिराणीत, कसा आहे म्हणून विचारायचा, "कसा शे?" मी दरवेळी म्हणायचो, "उजेड कमी शे." कधीतरी तो खरंच कमी असायचा, बहुतेकदा नसायचा. तो मान डोलवायचा, चहा प्यायचा, जायचा. चांगला आहे, एवढं माझ्या तोंडून कधी निघालं नाही... जळायचो मी.

परवा धानोऱ्याला गेलो तेव्हा त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी, फोटोंचं पाकीट पुढे ठेवलं. सगळ्यात वर माझाच स्टुडिओ. आरशाखाली सुतळीने बांधलेला, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला कंगवा, त्यात अडकलेला एक लांब पांढरा केस, आणि आरशाच्या कोपऱ्यात मागचा पडदा सरळ करणारा पाठमोरा मी. माझी पाठ इतकी वाकलीय हे मला माहीत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, हाऊ त्यासना सगळास्मा आवडता फोटो. पन तुमले दखाडा नही. म्हनेत, तो म्हनी, उजेड कमी शे." मी काय म्हणणार, हे त्याला मला न दाखवताच ठाऊक होतं.

कंगवा आजही तिथेच लोंबतोय. काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तर सगळे दिवे लावून मी त्याचे पंचवीस फोटो काढले. उजेड भरपूर आहे. पंचवीसही फोटोंत नुसता कंगवा आहे. एकनाथने काढलेला तो फोटो मी आरशाशेजारी लावलाय. चांगला शे, एकनाथ... अजून जळतो मी.