गॅफर आणि भरल्या पोटाची मॅच

२००८ साली मी सदुसष्ट वर्षांचा होतो आणि कुणाकडून काही शिकायचं आता राहिलेलं नाही अशी माझी खात्री होती. मुलानं मला आणि बायकोला कॅनडात सरेला आणलं, बेसमेंटमध्ये खोली दिली, थर्मोस्टॅट कसा फिरवायचा ते दाखवलं आणि बाहेर पडताना जॅकेट घालत जा म्हणून बजावलं. मी स्वेटरवरच जायचो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लोखंडाच्या भट्टीपुढं जन्म काढलेल्या माणसाला थंडीचं काय सांगता?

माझी शाळा चौथीत संपली. बाकीचं शिक्षण तालमीत आणि फुटबॉलच्या मैदानावर झालं. बाहेरच्या माणसाला वाटतं कोल्हापूर म्हणजे कुस्ती आणि चप्पल. पण आमच्याकडं पेठेपेठेची फुटबॉल टीम असते, आणि मॅचच्या दिवशी व्याही व्याह्याला ओळख दाखवत नाही. मी आमच्या पेठेचा लेफ्ट-आऊट, डाव्या कडेनं पळणारा. सुरवातीची वर्षं अनवाणी खेळलो, बूट नंतर आले.

मुलाच्या घरामागं पार्क होतं. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी तिथं एक टीम सराव करायची. लाईनीवर एक म्हातारा गोरा उभा असायचा. उंच, एका गुडघ्यात ताठ, आणि आवाज असा की आमच्या खिडकीची काच हलावी. पोरं त्याला गॅफर म्हणायची. गॅफर म्हणजे मुकादम, हे मला मागाहून कळलं, पण ओरडणं मुकादमाचंच होतं हे मी पहिल्या दिवशी ओळखलं. मी रोज गोलच्या मागं जाऊन उभा राहू लागलो. एकदा बॉल माझ्याकडं जोरात आला. मी चप्पल सोडली, पायाच्या आतल्या अंगानं बॉल मारला आणि सरळ गॅफरच्या पायात दिला. तो बघतच राहिला. मग त्यानं टीमच्या सेंटर-हाफला माझ्याकडं धाडलं. हा सेंटर-हाफ म्हणजे धिप्पाड सरदार, ट्रक चालवायचा.

"बाबाजी, गॅफर पूछता है, कभी खेले हो?"

"खेला क्या म्हणजे? उसको बोल, आधा कोल्हापूर मेरे नाम से शिट्टी मारता था."

सरदारानं ते इंग्रजीत कसं सांगितलं कोण जाणे, पण गॅफर हसला आणि बाकावर थोडा सरकून बसला. त्या दिवसापासून ती जागा माझी झाली.

त्याची सगळी हकीकत मला त्या बाकावर कळली. सरदार मध्ये बसून हिंदी करायचा, तो नसला की आम्ही हातवाऱ्यांवर भागवायचो. गॅफर इंग्लंडशेजारच्या वेल्सचा, कोळशाच्या खाणीच्या गावातला. बाप खाणीत. पंधराव्या वर्षी तो एका पगारी क्लबात लागला, पण खेळायला नव्हे, मोठ्या खेळाडूंचे बूट पुसायला. पुढं सगळ्यात खालच्या डिव्हिजनमध्ये काही वर्षं हाफ-बॅक खेळला. एकदाच एका मोठ्या क्लबविरुद्ध कपची मॅच मिळाली, त्यात त्यानं हेडर मारला आणि तो आपल्याच गोलात गेला. हे सांगताना तोच सगळ्यात जास्त हसायचा. मग गुडघा गेला.

त्यानंतर त्यानं नॉन-लीग धरली. म्हणजे पगारी डिव्हिजन जिथं संपतात त्याच्या खालचं फुटबॉल. दिवसा टपाल वाटणारे, विटा रचणारे, खाटीक. संध्याकाळी बूट चढवून मैदानात. गॅफर तिथं मॅनेजर, आणि मॅनेजर म्हणजे सगळंच. व्हॅन चालवायची, लाईनी आखायच्या, जर्सी घरी नेऊन बायकोबरोबर धुवायच्या. मी म्हणालो, अरे, हे तर आमच्या पेठेसारखंच. तोही मान हलवायचा. फरक एकच. त्यानं क्लब किती बदलले याची गणतीच नव्हती. बदलले कसले, काढून टाकला. एका क्लबानं पेट्रोल पंपावर फोन करून काढला, टाकी भरत असताना. एकानं काढला आणि पुढच्या हिवाळ्यात परत बोलावला. एकानं मैदानच विकलं, तिथं सुपरमार्केट झालं, आणि हा तिथं भाजी आणायला जायचा.

त्यानं मला विचारलं, तुला कुणी कधी काढलं नाही का? मी म्हटलं, मला कोण काढणार? कॅप्टन माझा सख्खा चुलता होता.

एवढ्या सगळ्या वर्षांत त्यानं कप एकही जिंकला नव्हता. बायको गेल्यावर लेकीकडं सरेला आला, तिच्या कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटमध्ये राहायचा, आणि ही टीम हेच त्याचं घर होतं. त्या सीझनला टीम खाली घसरली. क्लबाचा प्रेसिडेंट ट्रकांचा मालक होता, मनानं वाईट नव्हता, पण त्यानं पार्किंग लॉटमध्ये सगळ्यांपुढं सांगून टाकलं. शेवटची मॅच हरलो तर टीम खालच्या डिव्हिजनला जाणार आणि गॅफरच्या जागी तरुण कोच येणार. बरोबरी सुटली तरी चालेल, हरायचं नाही. गॅफरनं बॉलांची पिशवी खांद्याला लावली. नंतर बाकावर मला एवढंच म्हणाला, की यावेळी काढलं तर मी पुन्हा कुठं विचारायला जाणार नाही. खिडकीत बसेन.

हे ऐकून मला राहवलं नाही. आमच्या तालमीत मोठ्या मॅचच्या आदल्या दिवशी मटण शिजायचं. सगळी टीम एका पंगतीला. ज्यांनी एका कढईतलं खाल्लं ते मैदानात एकमेकाला सोडत नाहीत, हा आमच्याकडचा नेम आहे. मी ठरवलं, इथंही हे झालंच पाहिजे. अडचण एकच, शनिवारी सगळे कामावर. कोण ट्रकवर, कोण छपरावर, कोण दुकानात. मग मॅचच्याच दिवशी, रविवारी सकाळी जेवण ठेवलं. मॅच दुपारी.

बायको म्हणाली, "अहो, धावायच्या आधी मटण?"

"पैलवान काय भात-वरणावर लढतात?"

"पैलवान खाऊन झोपतात, लगेच लढत नाहीत."

मी ऐकलं नाही. मुलाच्या गॅरेजमध्ये प्रोपेनची शेगडी लावली, शेजारच्या पंजाबी कुटुंबाकडून मोठं पातेलं आणलं, खाटकाकडून बकऱ्याचं मटण. बॅगेतून आणलेला कांदा-लसूण मसाला बायकोनं मोठ्या मनानं सोडला. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण, भात, आणि सरदाराच्या आईनं ढीगभर रोट्या पाठवल्या. त्या रोट्यांबद्दल मी पुढं बोलणार आहे.

टीम आली. गॅफरनं आधी पातेल्यात डोकावून शंका घेतली, मग पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली. कपाळावर घाम आला. दुसरी वाटी त्यानं स्वतः मागितली. सरदार तर मांडी घालून बसला तो उठेचना. फक्त एक कोरियन पोरगा, आमचा फॉरवर्ड, रेस्टॉरंटमधली शिफ्ट संपवून उशिरा आला, त्याच्या वाट्याला भात आणि दही उरलं.

दुपारी मैदानावर पाऊस, थंडी, आणि समोर युनिव्हर्सिटीची पातळ पोरं. शिट्टी वाजली आणि ती पोरं मुंगळ्यासारखी पळत सुटली. आमचे वीर जागचे हलेनात. लेफ्ट-बॅक ढेकर देत होता. सरदार बॉलकडं असा बघायचा जसा म्हातारा माणूस जिन्याकडं बघतो. आमच्यावर गोल बसला. आणखी दोन बसायचे, ते पोलला लागले. प्रेसिडेंट छत्रीखालून माझ्याकडं बघत होता. त्यानंही खाल्लं होतं, म्हणून बोलता येईना.

माझं म्हणणं आजही तेच आहे. रश्श्यात काही खोट नव्हती. माणसानं रोट्या किती खाव्या याला काही धरबंध?

हाफ टाइमला पोरं खाली माना घालून उभी. आता गॅफर माझ्यावर भडकणार असं मला वाटलं. पण तो शांत होता, जरा खुशीतच. त्यानं पोरांना सांगितलेलं सरदारानं मला मागाहून सांगितलं. नॉन-लीगमध्ये एकदा त्यांची व्हॅन एका खेड्यात बंद पडली होती, तिथं एक लग्न चाललं होतं आणि लग्नाच्या लोकांनी सगळ्या टीमला जेवायला बसवलं होतं. तेव्हाही मॅच दुपारीच होती. भरल्या पोटाची टीम कशी खेळवायची हे त्या दिवशी मला कळलं, म्हणाला. पळायचं नाही. सगळ्यांनी आपल्या गोलपुढं दाट उभं राहायचं, बॉल आला की लांब मारायचा, थ्रो-इन घ्यायला चालत जायचं. पळणार एकटा कोरियन, कारण त्याच्या पोटात दही आहे.

मग तो सरदाराकडं वळला. "तू आता डोंगर आहेस. डोंगर धावत नाही. लोक येऊन त्याला धडकतात."

दुसरा हाफ मी उभ्यानंच बघितला. युनिव्हर्सिटीची पोरं येत आणि आमच्या गर्दीत अडकत. बॉल लांब गेला की कोरियन वाऱ्यासारखा मागं लागे. असं करता करता वेळ संपत आली. कोरियननं एक कॉर्नर कमावला. गॅफरनं हात करून सरदाराला पुढं पाठवलं. तो चालत गेला, मोठ्या ऐटीत, आणि गोलपुढं उभा राहिला. दोघं त्याला ढकलत होते, तो ढिम्म. कॉर्नर आला, कुणाच्या तरी खांद्यावरून उडाला, सरदाराच्या पोटावर आपटला आणि आत गेला.

रेफ्रीनं मधल्या वर्तुळाकडं हात केला. सरदार दोन्ही हात पोटावर ठेवून उभा. मी त्याच चपलांनिशी मैदानात धावलो, लाईन्समननं मला बाहेर काढलं.

मॅच तशीच सुटली. एक-एक. टीम राहिली.

मी गॅफरला म्हणालो, आणि सरदारानं तसंच सांगितलं, "त्या पोटात माझं मटण होतं."

गॅफर म्हणाला, "म्हणून तर पहिल्या हाफात ते पोट माझ्या बाजूला नव्हतं."

प्रेसिडेंट छत्री मिटून आला. पुढच्या सीझनलाही तुम्हीच, असं त्यानं गॅफरला सांगितलं आणि हात पुढं केला. गॅफरनं हात लगेच धरला नाही. म्हणाला, एक अट आहे, हा माणूस बाकावर माझ्याबरोबर पाहिजे. प्रेसिडेंटनं माझ्याकडं बघितलं आणि मटण मॅचनंतर, अशी आपली अट घातली. मी म्हटलं, बघू.

घरी आल्यावर बायकोनं काय झालं विचारलं. जिंकलो म्हटलं. बरोबरी झाल्याचं तिला मुलाकडून कळलं. तिनं पातेलं मलाच घासायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदाच एकट्यानं बस पकडली आणि गॅफरच्या लेकीच्या कॉन्डोवर गेलो. ती कामावर गेली होती. त्यानं चहा केला, त्यांच्या पद्धतीचा, पाणचट, मी प्यायलो. मग त्यानं टेबल पुसलं आणि पुढच्या सीझनची टीम बिस्किटांची मांडली. मी डाव्या कडेचं बिस्किट दोन बोटं पुढं सरकवलं. त्यानं ते मागं ओढलं. मी परत पुढं सरकवलं.