टोपी कुठे बसवायची

त्या रविवारी कॉलवर मला इतकं हसू का येत होतं, हे तुम्हा दोघांना नीट कळलं नाही. आजोबा सारखे मध्ये बोलत होते, त्यामुळे सगळंच अर्धवट राहिलं. आता क्रमाने लिहिते.

तुमच्यातल्या मोठीने मला स्वतः लिहिलेला एक छोटा इंटरप्रिटर, म्हणजे लिहिलेली ओळ वाचून लगेच उत्तर देणारा प्रोग्राम, पाठवला होता. त्यातली भाषा अशी की एका चिन्हात आकड्यांच्या अख्ख्या रांगेचं काम होतं. ४ ८ १२ लिहा, अधिक १ म्हणा, तिन्हींत एकेक मिळवून हजर. उभी हयात बुलढाण्याच्या कॉलेजात गणित शिकवलं, पण इतकं कमी लिहून इतकं काम झालेलं कधी पाहिलं नव्हतं. लहान मूल नवं खेळणं घेऊन फिरतं तशी मी लॅपटॉप घेऊन घरभर फिरत होते.

आजोबा कोर्टातून निवृत्त झाले ते थेट माझ्या खुर्चीच्या मागे येऊन उभे राहिले.

"मॅडम, तुह्या मशीनले सवायकी येते का?"

"नाही."

"मंग काय शिकलं ते?"

सवायकी म्हणजे सव्वाचा पाढा. आजोबांना तो अजून घडाघडा येतो, तुमच्या आईला मात्र शिकवायचा राहून गेला. मी मनाशी ठरवलं, मशीनला शिकवायचा. मोठीला सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, तू राहू दे. आतलं काम नाजूक असतं. दिवाळीत आले की मीच टाकून देते." बोलली प्रेमानेच. पण वर्गात उभं राहिल्यावर "बस खाली" ऐकावं लागलं तर कसं वाटेल, तसं मला वाटलं. पुढच्या रविवारच्या कॉलआधी सवायकी चालली पाहिजे आणि ती माझ्याच हातून, असं मी मनावर घेतलं.

मशीनचं आतलं घर बघायला मजा आली. मशीन 'अधिक' हे चिन्ह जपून ठेवतच नाही. आत चिन्हांची एक रांग असते: अधिक, उणे, गुणिले, भागिले, मग लहान, मोठं, सारखं, आणि शेवटी आकडे जोडणारा स्वल्पविराम. चिन्ह दिसलं की रांगेत त्याची जागा शोधायची आणि जागेचा नंबर तेवढा लक्षात ठेवायचा. शेजारी दुसरी रांग असते, ती कामांची. ज्या नंबरचं चिन्ह, त्या नंबरचं काम. आपण दिलेले आकडे मेमरीत लांब कुठेतरी राहतात आणि त्यांचा पत्ता म्हणजे भलामोठा नंबर. म्हणून नंबर लहान दिसला की मशीन ओळखतं, हा घरचा कामकरी. आमच्या कॉलेजात दोन आकड्यांचा नंबर म्हणजे आतला इंटरकॉम आणि दहा आकडी म्हणजे बाहेरचा फोन, तसंच.

सवायकीसाठी मी कीबोर्डवरचं टोपीसारखं चिन्ह निवडलं. ते रांगेत कुठे लिहायचं? माझ्या स्वयंपाकघरात डाळींशेजारी डाळी आणि मसाल्यांशेजारी मसाले असतात, हे तुम्हाला माहीत आहे. सवायकी गुणाकाराच्या घरची, म्हणून टोपी बसवली गुणिलेच्या शेजारी. कामांच्या रांगेत मात्र नवं काम आपलं शेवटी जोडून टाकलं.

मग मशीनला वेड लागलं. टोपीने सवायकी सोडून भागाकार मांडला. चार सातापेक्षा लहान आहे का विचारलं, तर नाही म्हणालं. पाच आणि पाच सारखे आहेत का विचारलं, तर उत्तर आलं: ५ ५.

आजोबा खुर्चीला धरून हसले. "सारखे हायेत का इचारलं, तं त्यानं जोडीच लावून देली."

शनिवार तसाच गेला. रविवारी दुपारी मलकापूरला लग्न होतं. जेवायला पाटावरची पंगत आणि वाढायला घरचेच लोक. आजोबांना साखर वर्ज्य, म्हणून यजमानांनी आपल्या मेव्हण्याला बजावलं होतं की दारापासून तिसऱ्या पानावर जिलबी वाढायची नाही. पंगत बसली आणि घरचे जावई उशिरा आले. जावयाला टोकाला कसं बसवणार? दुसऱ्या पानावर त्यांचे साडू होते. "साडूजवळ बसवा," कोणीतरी म्हणालं. तिथून पुढचे सगळे, आजोबासुद्धा, एकेक पाट सरकले.

मी समोरच्या पंगतीत होते. जिलब्यांचं ताट आलं, जावयांना ओलांडून आजोबांपाशी थांबलं आणि त्यांच्या पानात दोन जिलब्या पडल्या. आजोबांनी मान खाली घातली आणि एवढ्या भरभर खाल्ल्या की वरणभातसुद्धा त्यांनी कधी तसा खाल्ला नसेल.

"मले जिलबी काऊन नाही?" जावयांचा आवाज चढला.

मेव्हणे गांगरले. "मले तं तिसरं पान सांगतलं होतं, जावईबापू."

"मी काय डायबिटीसवाला हाव का?"

मंडपभर हशा उसळला. मी मात्र घास हातात धरून तशीच बसले. माझी टोपी म्हणजे हे जावईच. नातेवाइकाजवळ बसवायला मी तिला मध्ये घातलं आणि तिच्यामागचा प्रत्येक जण एकेक पाट सरकला. पाटावर कोण बसलंय याच्याशी वाढणाऱ्यांना काय, ते आपले जागा मोजून वाढत राहिले. आजोबांचं पथ्य जावयांच्या पानात, तसा भागाकार टोपीच्या पानात पडला. मला एवढं हसू फुटलं की शेजारच्या बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

परतीची बस घाट चढायला किती वेळ घेते, हे मी त्या दिवशी मोजायच्या मनःस्थितीत नव्हते. आजोबा खिडकीशी बसून बोटांना लागलेला पाक रुमालाने पुसत होते. घरी आले, चप्पल काढली, टोपी उचलली आणि रांगेच्या अगदी शेवटी, स्वल्पविरामानंतर बसवली.

चार सातापेक्षा लहान? हो. पाच आणि पाच सारखे? हो. मग टोपी, पुढे ४ ८ १२.

५ १० १५.

"चार सवाय पाच, आठ सवाय दहा, बारा सवाय पंधरा," आजोबा मागून म्हणाले आणि खुर्चीवर ठेका धरला. तेवढ्यात तुमचा कॉल आला. मी उत्तर दाखवलं, ते मोठीने स्क्रीनवर तीनदा वाचलं.

"आजी, हे कोणी टाकलं?"

"मीच."

"मग मी दिवाळीत येऊन काय करू?"

तेव्हा हसण्यात उत्तर राहून गेलं, ते आता देते. दिडकी, म्हणजे दीडचा पाढा, अजून शिल्लक आहे, ती तू टाक. फक्त तिला सवायकीच्या मागे, रांगेच्या शेवटी बसव. आणि आजोबांना जिलबी मिळणार नाही. त्यांचं पान कुठेही सरकलं तरी मी लक्ष ठेवून आहे.